आडतीचं चौथं दार

माझ्या दारात विटा लावल्या, त्या दिवशी मी गवंड्याला चहा दिला नाही. आमच्याकडे घराचं काम निघालं की गवंड्याला चहा जातोच, घरात कुणाचं कुणाशी कितीही वाकडं असो. मी रोज डब्याबरोबर थर्मास घेऊन जायची. त्या दिवशी मी त्याच्या देखत थर्मास उघडला आणि सगळा चहा एकटीनं प्यायले. त्याची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्यांची चूक होती ते समोर बाजेवर बसून पान खात होते, आणि त्यांना उपाशी ठेवण्याची हिंमत अजून माझ्यात आली नव्हती.

ते म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. मामांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं मेंढरं विकली, चिंताकीला शेती धरली, म्हातारपणी पोरांकडे बिदरला आले. मेंढरं गेली, पण संध्याकाळी सगळी आत आली का हे मोजायची सवय गेली नाही. मोजायला आता आम्ही होतो.

मी बायकांच्या भुवया करते. माणूस भेटला की लोक त्याचे डोळे बघतात, कपडे बघतात. मी भुवया बघते. मामांच्या भुवया मध्ये जुळलेल्या, दाट, कुंपणासारख्या. त्या कुंपणातून कधी हसू बाहेर आलेलं मी पाहिलं नाही.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही बिदरच्याच मैलूर भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. पुढची खोली गल्लीवर उघडायची. तिथं मी एक उंच पाठीची खुर्ची, एक आरसा आणि एक बाक ठेवला होता. दुपारी पुरुष माणसं कामावर गेली की बायका यायच्या. पार्लरला जाणं आमच्या भागात अजून निम्मी चोरीच असते. बाई भाजीची पिशवी घेऊन निघते, जाता जाता माझ्याकडे वळते, आणि घरी कुणी विचारलं तर सांगते की ऊन लागून तोंड लाल झालंय. असल्या धंद्याला पाटी लागत नाही, दार लागतं. रस्त्यावरून चटकन आत शिरता यावं आणि घरातल्या कुणाच्या नजरेला न पडता बाहेर पडता यावं, असं दार. बाकी सगळं मी दातात धरलेल्या दोऱ्यावर भागवते. त्या दोऱ्यावर मी मुलाला उदगीरला शिकायला पाठवलं, आणि कुणापुढं हात पसरला नाही.

मग माझ्या थोरल्या दिरांना जुन्या इमारतींचं वेड लागलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मामांना घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायचे, पण चूल एकच, आम्ही जेवायला तिकडंच. खताच्या दुकानात त्यांची भागी आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की ते फोनवर व्हिडिओ बघतात. कुठं जुनी गिरणी घेतली आणि तिचे फ्लॅट केले, कुठं गोदामात झुंबर टांगलं आणि कोपऱ्यात झोका लावला. अण्णा ते जेवताना सगळ्यांना दाखवायचे. "बघा, मोडकं घर आणि आतून राजवाडा." त्यातच बिदरच्या जुन्या गावातली एक आडत विकायला निघाली. धान्याचा व्यापार कधीच नव्या मार्केट यार्डात गेला होता, आणि आडत कुलूप लावून पडली होती. चिंताकीचं सडकेलगतचं रान विकलं आणि दोघा भावांसाठी मिळून आडत घेतली.

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा आत तुरीचा आणि मिरचीचा वास कोंडलेला होता. सागवानी खांब, उंच माळवद, वर हवेसाठी झरोके. भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून जेवता आलं असतं. मागच्या बाजूला दुसऱ्याच्या घराची भिंत, पण रस्त्याच्या बाजूला ओळीनं चार दारं. प्रत्येक दारापुढं दगडी ओटा. पूर्वी एकेका दाराला एकेक बैलगाडी लागायची आणि माल उतरायचा. चौथं दार टोकाला, गल्लीच्या वळणावर होतं. तिथून शिरलेली बाई पलीकडच्या दुकानातूनसुद्धा दिसली नसती. मी त्या दारात उभी राहिले आणि खुर्ची कुठं, आरसा कुठं, बाक कुठं, सगळं मनात मांडून मोकळी झाले.

"हे तुझं," नवरा म्हणाला.

"घे की," अण्णा म्हणाले. "आपल्याला चार दारं काय करायची हायती?"

मामा काठीनं भिंत ठोकून बघत होते. मी मैलूरच्या घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून टाकलं.

काम सुरू झालं आणि अण्णांनी त्या इमारतीचं काय केलं ते सांगायला बसले तर माझा रक्तदाब वाढतो. सागवानी खांब त्यांना गावठी वाटले. त्यांच्याभोवती चौकोनी खोके करून पांढरा रंग मारला. माळवदाखाली खोटं छत ठोकलं आणि त्यात निळे दिवे बसवले. एसी लावायचा म्हणून झरोके बुजवले, आणि एसी बिल फार येईल म्हणून कधी लावलाच नाही. भिंती खरवडल्या तेव्हा फटींतून वर्षानुवर्षांची मिरचीची भुकटी उडाली आणि सगळी गल्ली खोकत रस्त्यावर आली. समोरच्या घरातली मुसलमान बाई, आम्ही एकमेकींना बाजी म्हणजे ताईच म्हणतो, ओढणी नाकाला लावून ओरडली, "अजी, घर बना रै की हमना मार रै?" मला ते फार पटलं.

तरी मी गप्प होते. माझं दार शाबूत होतं. खोटं छत डोक्यावर आलं तरी चालेल, पायापुढं दार पाहिजे, असा माझा हिशेब होता.

एके दिवशी मामा काठी टेकत दारं मोजत फिरले. एक, दोन, तीन, चार. मग मधोमध उभे राहून म्हणाले, "तीन बुजवा. पहिलं तेवढं ठिवा."

अण्णांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मामा थट्टा करत नसतात.

"वाडग्याला तोंड एकच असतं," मामा म्हणाले. वाडगं म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं काट्यांचं कुंपण. "दोन तोंडं ठिवली की एका तोंडाशी माणूस मोजत बसतंय अन् दुसऱ्या तोंडानं लांडगं शिरतंय. मी बघितलंय. तुमी न्हाई बघितलं."

मी पदर सावरून पुढं झाले. "मामा, हे घर हाय. मेंढरं कुठं हायती हितं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या जावेकडे, तिच्या मुलीकडे, आणि परत माझ्याकडे. "मोजायला लागतंय," म्हणाले.

"अन् माझं काम? बाया कुठनं येणार?"

"बायाच्या भुवया उपटायला येगळं दार कामून पायजे? पुढच्या दारानं येऊ दे की. मी काय वाघ हाय व्हय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. ज्यानं "हे तुझं" म्हणून सांगितलं होतं, त्यानं मिठाची गुळणी धरली होती. अण्णांनी डोकं खाजवलं आणि लगेच त्यांना मामांच्या म्हणण्यात फायदा दिसायला लागला. तीन दारं बुजवली तर भिंतीला मोठा टीव्ही लावता येईल, सोफा एल आकाराचा घेता येईल. माझी जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो, ती तर लगेच म्हणाली की एक दार बरं, कोण आलं कोण गेलं सगळ्यांना दिसतं. अक्काला काय दिसायला पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. मैलूरला माझ्याकडे किती बाया येतात, हे तिला कधी नीट कळलं नव्हतं आणि ते तिच्या डोळ्यात खुपत होतं.

त्याच आठवड्यात मातीचा प्रकार झाला. जुन्या गावातला रस्ता थरावर थर देऊन वर आलेला, आणि आडतीची शहाबादी फरशी त्याच्याखाली गेलेली. आत भर घालून जमीन उचलणं भाग होतं. मुरूम आणायचं ठरलं होतं. पण आमच्या सासरी एक चाल आहे. नवं घर झालं की ज्या रानात मेंढरं बसवली होती, त्या रानातली मूठभर माती आणून देवाच्या पाटाखाली ठेवायची. मेंढरं बसलेली माती म्हणजे लक्ष्मी. मामांनी मुठीवर समाधान मानलं नाही. "आपली सोन्यासारखी माती असताना बिदरचा लाल मुरूम कामून इकत घ्यायलाव?" त्यांनी उरलेल्या रानातून ट्रॅक्टर भरून काळी माती मागवली. ट्रॉलीवर ट्रॉली येत राहिली.

आता हे कुणालाही सांगा. चिंताकीची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की कोकराचा पाय अडकतो, आणि पाणी लागलं की कणकेसारखी फुगते. तिथं कुणी झोपडं जरी बांधलं तरी आधी काळी माती उपसून टाकतात आणि खाली मुरूम लागेपर्यंत खणतात. हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. आणि आमचे हे शेतकरी ती माती भाडं देऊन शहरात आणून स्वतःच्या टाइल्सखाली घालत होते.

"मामा, गावाकडं घर बांधताना काळी काढून टाकतेत. तुमी हितं आणून घालायलाव."

"त्ये उघड्यावर. हितं वर छप्पर हाय, फरशी हाय. पाणी कुठनं याचं?"

"तुला लई कळायलंय," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या दाराशेजारच्या खोलीत त्यांचं अटॅच्ड बाथरूम कुठं येणार ते गवंड्याला दाखवू लागले. बाथरूमचा पाइप त्याच मातीतून जाणार होता. अण्णांनी मातीवर नारळ फोडला. अक्कानं हळदकुंकू वाहिलं, मीही वाहिलं. राग होता, पण देवाच्या नावाचं काम म्हटलं की हात पुढं जातो. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं माझ्या दारात विटा लावल्या, आणि मी एकटीनं चहा प्यायले.

राहायला गेल्यावर मामांनी आपली बाज एकुलत्या एका दाराच्या आत, बरोबर समोर टाकली. जुनं फळ्यांचं दार काढून अण्णांनी तिथं लोखंडी चौकटीचं जाडजूड सेफ्टी डोअर बसवलं होतं. मामा सकाळपासून त्याच्याकडे तोंड करून बसत. माझी खुर्ची आणि आरसा आतल्या टोकाच्या खोलीत, बुजवलेल्या चौथ्या दारापाशी. म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या बाईनं दार वाजवायचं, मामांच्या बाजेवरून वळसा घालायचा, अण्णांच्या सोफ्यापुढून जायचं, अक्काच्या उघड्या स्वयंपाकघरातून निघायचं, आणि मग माझ्यापर्यंत पोचायचं. कोर्टात साक्ष द्यायला याहून कमी लोकांसमोरून जावं लागतं.

पहिली आली ती मैलूरची एक शाळामास्तरीण. माझं जुनं गिऱ्हाईक. मामांनी तिला बसवलं. कुणाची, कुठल्या गावची, मालक काय करतात, कवा येतात, त्यांना ठाऊक हाय का तू इकडं आलीस ते. बाई पाणी प्यायली, घड्याळ बघितलं आणि भुवया तशाच घेऊन परत गेली. समोरची बाजी एकदा आली आणि दारातूनच म्हणाली, "क्या बाजी, तुम्हारा दरवाजा किधर गया?" मी तिला भिंत दाखवली. तिनं मामांकडे बघून डोक्यावरची ओढणी आणखी पुढं ओढली आणि ती परत आली नाही. मग कुणीच येईना. मी दुपारी त्या खुर्चीत स्वतःच बसायची आणि आरशात मागची भिंत बघायची. भिंतीचा गिलावा दाराच्या आकारात थोडा वेगळा दिसायचा. मला रडू यायचं, आणि रडू आल्याचा आणखी राग यायचा.

शेवटी मी पिशवीत दोरा, पावडर, कात्री टाकून बायकांच्या घरी जायला लागले. तर बाजेवरून सुरू. "कुठं जायलीस? कवा येणार?" परत आले की मामा मान हलवायचे. मोजणी पुरी झाली. आणि अक्का स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता बोलायची, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "लोक म्हणायलेत, ह्यांच्या सुना दारोदार फिरायल्यात."

माझं दार यांनीच बुजवलं, आणि दारोदार फिरते म्हणून यांनीच बोंब मारली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या दुसऱ्या काय असतात? आणि याच अक्काच्या भुवया मी दर पंधरवड्याला कोठीच्या खोलीत कडी लावून करत होते, फुकट. बाहेर तिला कुणी विचारलं की सांगायची, माझ्या जन्मापासून अशाच आहेत.

नवऱ्याला मी रोज बोलले. तो ऐकून घ्यायचा. "अप्पा हायती तोवर थांब," म्हणायचा. बापाला दोघं भाऊ अप्पा म्हणतात. मामांची तब्येत खणखणीत होती.

अटॅच्ड बाथरूमचा अण्णांना फार अभिमान. पाहुणा आला की आधी ते दाखवायचे, मग पाणी द्यायचे. त्यात गरम पाणी, थंड पाणी, वरून पडणारं पाणी, कमरेला लागणारं पाणी. त्यातलं किती पाणी बाहेर गटारात जातंय आणि किती खाली मुरतंय, हे कुणी बघितलं नाही. काही महिन्यांनी पुढच्या दाराजवळ चालताना टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. मग दार खाली घासायला लागलं. अण्णांनी आधी दाराच्या कंपनीला शिव्या घातल्या, मग टाइल्सच्या दुकानदाराला, मग गवंड्याला. सगळे संपल्यावर माझ्याकडे वळले. मी बायकांचे केस धुवायला पाणी फार वापरते म्हणून ओल आली, म्हणाले. ज्या घरात एक बाई केस धुवायला येत नव्हती, त्या घरात.

"काळी माती फुगायलीय," मी म्हणाले.

"आपली माती आपल्या घरावर उठत न्हाई," मामा म्हणाले. अण्णांनी माणूस बोलावून दाराची खालची कड कापून घेतली. थोडे दिवस बरं चाललं. मग परत घासायला लागलं, आणि परत कापलं. सेफ्टी डोअर आखूड होत चाललं आणि जमीन वर येत चालली.

अशात अक्काच्या मुलीला बघायला चिटगुप्प्याहून पाहुणे येणार असं ठरलं. घराणं चांगलं, मुलगा सरकारी दवाखान्यात. मुलगी नर्सिंग शिकलेली, गरीब स्वभावाची. मला ती आवडते. तिच्या भुवया मी त्या सकाळी जीव ओतून केल्या. घरात सगळ्यांच्या आंघोळी, फरशी धुणं, बाथरूम दोनदा घासणं चाललं होतं. दूधवाला गेल्यावर दार लावलं ते लावलंच. पोहे झाले, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, भजी तळायची राहिली होती, तेवढ्यात दाराशी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बघतो तर दाराच्या मागच्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या वर उठल्या होत्या.

आमचं दार आत उघडणारं. नवऱ्यानं ओढलं, ते टाइलला अडलं. अण्णांनी हातोडीनं टाइल फोडली, तर तिच्याखालचा सिमेंटचा थर तसाच फुगून वर आलेला, आणि लोखंडी चौकट इतकी पिळवटलेली की कुलपाची जीभ खाचेतून सुटेना. दोघं भाऊ घामाघूम झाले. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पाहुण्यांनी बेल वाजवली. अण्णा आतून ओरडले, "आलो, आलो!" आणि परत ओढायला लागले. पुन्हा बेल. खिडकीला अण्णांनीच घट्ट ग्रील लावलेलं. पाहुणे ग्रीलमधून आत बघायला लागले, आम्ही बाहेर बघायला लागलो. मुलगी नेसून तयार, हातात ट्रे. मुलगा ओट्यावर उभा. बघायचा कार्यक्रम तिथंच उरकायची वेळ आली. गल्लीतली पोरं जमली, समोरची बाजी ओट्यावर आली, कुणीतरी पाहुण्यांना खुर्च्या आणून दिल्या, भर रस्त्यात.

पाहुण्यांतले वडीलधारे ग्रीलपाशी आले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "अण्णा, अडचण असंल तर आमी आज जाऊ का? परत बघू कवातरी."

परत बघू म्हणजे काय ते अक्काला कळलं. दारातून मागं फिरलेली सोयरीक परत येत नसते, आणि बंद दाराची गोष्ट चिटगुप्प्याच्या बाजारात संध्याकाळपर्यंत पोचली असती. तिच्या पोरीनं ट्रे खाली ठेवून दिला. अक्का माझ्याकडे वळली. तिनं माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल. "तुझ्या दाराची भिंत फोडू दे, बाई."

माझ्या दाराची. तिच्या तोंडून.

"न्हाई," मामा बाजेवरून म्हणाले. "वाडग्याला दुसरं तोंड न्हाई."

"अप्पा, पाहुणं जायलेत!" अण्णा पहिल्यांदाच बापावर ओरडले.

"जाऊ दे."

सगळे उभे राहिले. नवरा मामांकडे बघत होता, अण्णा ग्रीलकडे. मी कोठीत गेले, बांधकामाच्या वेळची पहार तिथं कोपऱ्यात पडली होती, ती आणली आणि अण्णांच्या हातात दिली. नवऱ्याच्या हातात द्यायला हवी होती, पण तो घेणार नाही हे मला ठाऊक होतं. अण्णांनी आरशावर चादर टाकली आणि पहिला घाव घातला. गवंड्यानं एकेरी विटेची भिंत घातली होती. ती पडायला काही वेळ लागला नाही. ऊन आत आलं. विटांच्या ढिगावर मी पाट टाकला आणि चिटगुप्प्याचे पाहुणे माझ्या दारातून, माझ्या खुर्चीशेजारून आत आले. मामा भिंतीकडे तोंड करून झोपले, सगळा कार्यक्रम होईपर्यंत उठले नाहीत.

सोयरीक जमली. अक्का म्हणाली, देवाची कृपा. मी तिच्याकडे बघत राहिले. ती ओशाळलीसुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर अण्णांचा जीव भांड्यात पडला आणि मग ते पुन्हा अण्णा झाले. उद्या गवंडी बोलावतो, म्हणाले. पुढचं दार नीट करून घेऊ, फरशी उकरून मुरूम घालू, आणि हे भगदाड बुजवून टाकू. मी माझी खुर्ची उचलली आणि त्या भगदाडाच्या मधोमध, अर्धी ओट्यावर अर्धी आत, अशी ठेवली आणि तिच्यात बसले.

"ऊठ," अण्णा म्हणाले.

"न्हाई."

नवरा म्हणाला, "ऐक की. लोक बघायलेत."

"बघू द्या."

मामा काठी टेकत आले. त्यांच्या भुवया पार एक झाल्या होत्या. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "त्या दारानं जाणार असशील तर ह्या घरात यायचं न्हाई. चूलबी येगळी कर."

आमच्यात बाप जिवंत असताना चूल वेगळी होत नाही. गावात तसं कुणी केलं तर चारजण तोंडावर थुंकतात. मामांना वाटलं असेल की हे ऐकून मी उठेन, पाया पडेन.

"बरं," मी म्हणाले.

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून ते सहज गेलं, जणू कित्येक दिवस तिथंच बसलं होतं.

गवंडी आला, त्यानं पुढचं दार उकरून मोकळं केलं, पण माझं बुजवलं नाही. मामांच्या हुकमानं त्यानं माझी खोली आणि बाकीचं घर यांच्यामध्ये भिंत धरली, खोके घातलेल्या दोन खांबांच्या मधे. माझ्या दारातून निघालेल्या विटा त्यानं तिथंच वापरल्या. भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा नवरा ती ओलांडून तिकडं गेला. अप्पा जेवले का ते बघून येतो, म्हणाला. कमरेएवढी झाली तेव्हा अक्कानं त्याला ताट वाढलेलं मला दिसलं. तो जेवला. हात धुऊन भिंतीपाशी आला तेव्हा ती छातीला लागत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. मनात आणलं असतं तर अजून पाय टाकून येता आलं असतं. मी "या" म्हणाले नाही. त्यानं पाय उचलला नाही. गवंड्यानं जरा थांबून बघितलं आणि पुढची वीट ठेवली.

आता माझं दार सकाळपासून सताड उघडं असतं. बाया भाजीच्या पिशव्या घेऊन येतात, मैलूरच्या जुन्यासुद्धा परत आल्या. समोरची बाजी तर काम नसलं तरी येऊन बाकावर बसते. मामा फिरायला निघाले की माझ्या दारापुढून मान न वळवता जातात. संध्याकाळी तिकडचं जेवण झालं की नवरा रस्त्यानं वळसा घालून माझ्या ओट्यावर येतो. दार उघडं असतं, दिवा लागलेला असतो, मी समोर दिसत असते. तरी तो कडी वाजवतो. मी दातातला दोरा सोडते आणि विचारते, "कोण?"

तो आपलं नाव सांगतो.